निर्यातीच्या लाकडी पेट्या, कंटेनरमधले सुटे ठोकळे आणि एचटीचा शिक्का : नियम नेमका काय आहे?

ओतकाम_शिरोली

सप्रेम नमस्कार. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची बिडाच्या ओतकामाची फाउंड्री आहे. आजवर आमचा माल पुण्याच्या मोठ्या कारखान्यांमार्फतच परदेशी जात असे, त्यामुळे पॅकिंगची काळजी तेच घेत. आता पंपाच्या केसिंगची पहिली थेट ऑर्डर अमेरिकेतून मिळाली आहे आणि पाठोपाठ जर्मनीहूनही चौकशी आली आहे. ग्राहकाच्या अटींमध्ये एक ओळ आहे : सर्व लाकडी पॅकिंग आयएसपीएम १५ (लाकडी पॅकिंगमधून कीड देशोदेशी पसरू नये यासाठीचे आंतरराष्ट्रीय मानक) या मानकानुसार प्रक्रिया केलेले असावे आणि त्यावर आयपीपीसीचा (आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराचा) शिक्का असावा.

या एका ओळीवरून चौकशी करायला गेलो, तर प्रत्येकाने वेगळे सांगितले. एका पेटीवाल्याने आंब्याच्या आणि जंगली लाकडाच्या पेट्यांचा दर सांगितला आणि वर ‘शिक्का मारून देतो, लाकूड तापवण्याच्या चेंबरची गरज नाही, कोणी बघत नाही’ असेही सांगितले. दुसरा एचटी (हीट ट्रीटमेंट, म्हणजे उष्णता प्रक्रिया केलेल्या) लाकडाचा दर बराच जास्त सांगतो. माल पाठवणारे फॉरवर्डर म्हणतात की पेट्या साध्या असल्या तरी चालतील, कंटेनर भरल्यावर आत धुरी देऊन फ्युमिगेशनचे सर्टिफिकेट घेऊ. आमच्याकडे कोअर (ओतकामाच्या साच्यात बसवायचे वाळूचे गाभे) भाजण्याची ओव्हन आहे, तिचे तापमान २०० अंशांच्या वर सहज जाते. नियमाला लाकूड ५६ अंशांपर्यंतच तापवलेले हवे असेल तर पॅलेट आमच्याच ओव्हनमध्ये तापवून का घेऊ नयेत, असा प्रश्न आमच्या पर्यवेक्षकांनी विचारला आणि त्याचे उत्तर मला देता आले नाही.

आणखी एक अडचण आहे. केसिंग जड असल्याने कंटेनरमध्ये पेट्या हलू नयेत म्हणून बाजूंना ठोकळे, आडवे दांडे आणि पाचरी ठोकाव्या लागतात. हे लाकूड आम्ही जवळच्या वखारीतून ऐनवेळी कापून आणतो. या सुट्या लाकडालाही नियम लागू होतो का? आणि संपूर्ण पेटी प्लायवूडची केली तर हा सगळा प्रश्नच मिटतो का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उष्मा_चेंबर_चाकण

नमस्कार साहेब. आपला प्रश्न योग्य वेळी आला आहे, कारण पहिला कंटेनर निघण्याआधीच या गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या. मी चाकण भागात लाकूड तापवण्याच्या नोंदणीकृत चेंबरवर काम करतो, त्यामुळे आधी तापमानाविषयी लिहितो.

मानक ५६ अंश सेल्सिअस म्हणते, पण ते चेंबरच्या हवेचे तापमान नव्हे. लाकडाच्या संपूर्ण जाडीत, अगदी गाभ्यापर्यंत, ५६ अंश सलग ३० मिनिटे टिकले पाहिजेत. फळीचा पृष्ठभाग लवकर तापतो, गाभा मागे राहतो, आणि कीड तर आतच असते. म्हणून आम्ही एका वेळी चेंबरमध्ये भरलेल्या लाकडातला सर्वांत जाड तुकडा शोधतो. बहुतेक वेळा तो पेटीखालचा दांडा किंवा पॅलेटचा ठोकळा असतो. त्याला गाभ्यापर्यंत बारीक भोक पाडून तापमापकाची तार आत बसवतो आणि भोकाचे तोंड लांबीने (पुट्टीने) घट्ट बुजवतो, नाहीतर बाहेरची गरम हवा आत शिरून खोटे तापमान दाखवते. आसपास खिळा असेल तर ती जागा टाळतो, कारण लोखंड उष्णता आत नेते. अशा किमान दोन तारा असाव्यात, म्हणजे एक बिघडली तर लक्षात येते, आणि त्या चेंबरमध्ये जिथे हवा सर्वांत उशिरा तापते तिथल्या लाकडात असाव्यात. चेंबरची हवा ७० अंशांच्या आसपास पोहोचली तरी आलेखावर गाभ्याची रेषा बराच वेळ रेंगाळत वर चढत असते. सर्वांत मागे राहिलेली रेषा ५६ ला पोहोचली की तिथून ३० मिनिटे मोजायची, आणि मध्येच ती ५५.८ वर आली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आता आपल्या कोअर ओव्हनविषयी. उष्णता पुरेशी आहे हे खरे, पण मानकाचा अर्धा भाग उष्णतेचा आहे आणि अर्धा भाग त्या उष्णतेची जबाबदारी कोण घेतो याचा आहे. शिक्का मारण्याचा अधिकार त्या त्या देशाच्या राष्ट्रीय वनस्पती संरक्षण संस्थेने मान्यता दिलेल्यांनाच असतो. आपल्याकडे ही संस्था म्हणजे फरिदाबादचे वनस्पती संरक्षण, विलगीकरण व साठवण संचालनालय. गरम हवेच्या चेंबरांसाठी त्यांचे वेगळे राष्ट्रीय मानक आहे, एनएसपीएम ९. चेंबरची तपासणी होते, तापमापकांचे कॅलिब्रेशन पाहिले जाते, प्रत्येक भरण्याच्या नोंदी ठेवाव्या लागतात आणि त्यानंतरच नोंदणी क्रमांक मिळतो. आपल्या ओव्हनला हे सर्व करून मान्यता मिळवता आली तर हरकत नाही, पण मान्यतेशिवाय तापवलेले लाकूड नियमाच्या दृष्टीने कच्चेच लाकूड आहे. शिवाय कोअर भाजण्याच्या तापमानाला ओल्या आंब्याच्या फळ्यांना भेगा पडून त्या वेड्यावाकड्या होतील.

‘शिक्का मारून देतो’ म्हणणाऱ्यापासून कृपया दूर राहा. हे मी व्यवसायाच्या स्पर्धेतून लिहीत नाही. त्या शिक्क्यावरचा क्रमांक कोणाचा तरी असतो, आणि परदेशात त्या पेटीत जिवंत अळी सापडली तर तक्रार देशाच्या संस्थेकडे येते आणि त्या क्रमांकापर्यंत पोहोचते. बनावट शिक्क्यामुळे प्रामाणिकपणे लाकूड तापवणाऱ्या सगळ्यांच्या मालाकडे संशयाने पाहिले जाते.

आपण ओतकामवाले आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. एचटी म्हणजे वाळवलेले लाकूड नव्हे. मानकात ओलाव्याची मर्यादा दिलेली नाही. ओले लाकूड ५६ अंशांची अट पूर्ण करून बाहेर येते तेव्हाही त्यात भरपूर पाणी असू शकते. असे लाकूड बंद कंटेनरमध्ये काही आठवडे राहिले की त्यावर बुरशी चढते, आणि त्याच ओलाव्याने बिडाच्या मशीन केलेल्या पृष्ठभागावर गंज धरतो. तेव्हा ऑर्डर देताना एचटीबरोबर लाकूड भट्टीत वाळवून हवे असे स्पष्ट लिहा, पेटी ताब्यात घेताना ओलावामापकाने तपासा आणि माल गंजरोधक पिशवीतच भरा. पावसाळ्यात तर हे अधिकच सांभाळावे लागते.

उरण_सीएचए

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत. न्हावा शेवा बंदरातून माल पाठवण्याची कागदपत्रे करणे हे माझे काम आहे, म्हणून फ्युमिगेशन आणि सुट्या लाकडाविषयी लिहितो.

फॉरवर्डर जे सुचवत आहेत त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. भरलेल्या कंटेनरला धुरी देणे ही मालासाठीची प्रक्रिया झाली. लाकडी पॅकिंगसाठी मानकात मोजक्याच प्रक्रिया मान्य आहेत : गरम हवेची किंवा वाफेची उष्णता प्रक्रिया, सूक्ष्मलहरींसारख्या मार्गाने लाकूड आतून तापवण्याची प्रक्रिया, मिथाइल ब्रोमाइडची धुरी, आणि २०१८ च्या सुधारणेपासून सल्फ्युरिल फ्लोराइडची धुरी. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवून दिलेली धुरी या यादीत नाही. मिथाइल ब्रोमाइड वापरले तरी ते सालविरहित लाकडावर, किमान १० अंश तापमानाला, किमान २४ तास आणि ठरलेल्या मात्रेत द्यावे लागते, लाकडाची सर्वांत लहान बाजू २० सेंटीमीटरपेक्षा जास्त चालत नाही, आणि शेवटी मान्यताप्राप्त संस्थेचा शिक्का लाकडावर लागतोच. पलीकडच्या बंदरातला निरीक्षक सर्टिफिकेट नंतर वाचतो, आधी पेटीवरचा शिक्का शोधतो. सर्टिफिकेट आहे आणि शिक्का नाही, तर पॅकिंग नियमाबाहेरचे ठरते. शिक्का बरोबर असेल तर एकट्या पॅकिंगसाठी वेगळे फायटोसॅनिटरी (वनस्पती आरोग्याचे) प्रमाणपत्र सहसा लागत नाही.

अमेरिकेच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी. तिथे ५ जुलै २००६ पासून या नियमाची पूर्ण अंमलबजावणी सुरू झाली. पूर्वी एकाच आयातदाराची पाच उल्लंघने होईपर्यंत दंडाची वेळ येत नसे, पण १ नोव्हेंबर २०१७ पासून पहिल्याच उल्लंघनाला दंड होऊ शकतो. दंडापेक्षाही मोठा फटका मालाला बसतो. शिक्का नसलेले किंवा जिवंत कीड असलेले लाकूड सापडले की ते देशाबाहेर परत पाठवण्याचा आदेश निघतो. माल लाकडापासून वेगळा करण्याची परवानगी मिळाली तर ठीक, नाहीतर लाकडाबरोबर मालही परत निघतो. बंदरावर धुरी देऊन विषय मिटवू, ही अपेक्षा तिथे ठेवू नये. हा सर्व खर्च आधी आयातदाराच्या अंगावर पडतो, आणि आपल्या पहिल्या ग्राहकाला आपल्या वीस-तीस ठोकळ्यांमुळे तो सोसावा लागला तर दुसरी ऑर्डर येणे कठीण.

ठोकळ्यांवर मी इतका भर देतो, कारण पेट्यांची काळजी बहुतेक सगळे घेतात आणि आधाराच्या लाकडाकडे दुर्लक्ष होते. मानकाच्या भाषेत त्याला डनेज म्हणतात आणि पेटीला लागू असलेला प्रत्येक नियम त्यालाही लागू आहे. सालीसकट दांडा, वखारीतून उचललेली पाचर, फोर्कलिफ्ट जावी म्हणून खाली सरकवलेली पट्टी, यांपैकी काहीही प्रक्रियेशिवाय आणि शिक्क्याशिवाय आत जाता कामा नये. लांब दांड्यावर एका टोकाला शिक्का असतो आणि कामगार तो दांडा कापून चार तुकडे करतात, तेव्हा तीन तुकडे बिनशिक्क्याचे होतात. पूर्ण शिक्का ज्यावर दिसत नाही असा तुकडा डनेज म्हणून वापरू नये असे मानक सांगते. उपाय दोन आहेत. दांड्याच्या संपूर्ण लांबीवर अगदी जवळजवळ शिक्के मारून घ्यावेत, किंवा कंटेनरच्या आतली मापे आधी घेऊन चेंबरवाल्याकडून कापलेले आणि कापल्यानंतर शिक्का मारलेले ठोकळे मागवावेत. फॅक्टरीतच कंटेनर भरत असाल तर दुसरा उपाय बरा, आणि त्या दिवशी वखारीचे लाकूड अंगणातच येऊ देऊ नका. दार बंद करण्याआधी प्रत्येक आधाराच्या शिक्क्याचा फोटो काढून ग्राहकाला पाठवावा.

शिक्का ओळखायला सोपा आहे. चौकटीत डावीकडे आयपीपीसीचे कणसाचे चिन्ह, मग उभी रेघ, उजवीकडे देशाची दोन अक्षरे, म्हणजे आपल्यासाठी आयएन, पुढे जोडरेघ देऊन नोंदणी क्रमांक, आणि प्रक्रियेची अक्षरे, बहुधा एचटी किंवा एमबी (मिथाइल ब्रोमाइड). तो हाताने काढलेला नसावा, पुसला जाणारा नसावा, लेबलसारखा सोलून निघणारा नसावा, शक्यतो समोरासमोरच्या दोन बाजूंवर असावा, आणि लाल किंवा नारिंगी रंग टाळावा, कारण ते रंग धोकादायक मालाच्या लेबलांसाठी वापरले जातात. चौकटीच्या आत आपल्या कंपनीचे नाव किंवा दुसरा मजकूर घालू नये.

ओतकाम_शिरोली

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ओव्हनचा विचार सोडून दिला आहे आणि डनेजची मापे घेण्याचे काम आजच सुरू केले. मात्र आमच्या पर्यवेक्षकांची एक शंका राहिली आहे, आणि ती मला रास्त वाटते. आंब्याची जुनी, चांगली वाळलेली फळी, जिला एकही भोक नाही, तिच्यात कीड नाही हे डोळ्यांना दिसत असताना ती पुन्हा तापवण्याची सक्ती कशासाठी? आणि साल काढण्यावर एवढा भर का? प्लायवूडचेही उत्तर राहिले आहे.

वनकीटक_अभ्यासक

आपल्या पर्यवेक्षकांना माझा नमस्कार सांगा, कारण शंका खरोखरच रास्त आहे. माझे शिक्षण आणि नोकरी जंगलातल्या लाकूडपोखऱ्या किडींच्या अभ्यासात गेली, तेव्हा थोडे विस्ताराने लिहितो.

ज्या किडींसाठी हे मानक आले त्या बाहेरून दिसत नाहीत. १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आशियातल्या लांब मिशांचा एक भुंगा सापडला. मूळ चीन आणि कोरियाकडचा हा भुंगा मालाच्या लाकडी पॅकिंगमधून तिथे पोहोचला होता. दोन वर्षांनी तो शिकागोतही आढळला. त्याची अळी मेपलसारख्या जिवंत झाडांच्या खोडात खोलवर बोगदे करते, आणि बाहेरून दिसणारे गोल भोक हे भुंगा उडून गेल्याची खूण असते. म्हणजे भोक दिसत नाही तेव्हाच अळी आत असण्याची शक्यता असते. तिला आवरण्यासाठी शहरांतली हजारो झाडे तोडून जाळावी लागली. २००२ साली डेट्रॉइटच्या परिसरात हिरव्या चकचकीत रंगाचा दुसरा आशियाई भुंगा आढळला, आणि त्याने उत्तर अमेरिकेतली अॅश जातीची कोट्यवधी झाडे मारली. १९९९ साली पोर्तुगालमध्ये पाइनच्या झाडांना वाळवून टाकणारा सूत्रकृमी सापडला. हा तर सूक्ष्म, केसापेक्षा बारीक, आणि एका भुंग्याच्या अंगावरून झाडाझाडांवर जाणारा. तो फळीत आहे की नाही हे डोळ्यांनी कोणीच सांगू शकत नाही. ५६ अंश आणि ३० मिनिटे ही मर्यादा मुख्यतः या सूत्रकृमीवरच्या अभ्यासातून आली. त्या सगळ्या अनुभवातून २००२ साली आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली, म्हणजेच आयपीपीसीखाली, हे मानक मंजूर झाले आणि २००९ साली ते सुधारून सालीचा नियम त्यात पक्का केला गेला.

सालीचे कारण असे की प्रक्रियेनंतरही लाकडावर साल राहिली, तर सालीखाली अंडी घालणाऱ्या भुंग्यांना तिथे पुन्हा घर मिळते. त्यामुळे लाकूड सोललेले असावे लागते. कुठे तुकडा राहिलाच, तर तो ३ सेंटीमीटरपेक्षा कमी रुंद असावा, मग लांबी कितीही चालते. त्याहून रुंद असेल तर त्या एका तुकड्याचे क्षेत्रफळ ५० चौरस सेंटीमीटरच्या आत हवे. उष्णता प्रक्रियेत साल आधी किंवा नंतर काढली तरी चालते, मिथाइल ब्रोमाइडच्या वेळी मात्र ती आधीच काढावी लागते, कारण सालीमुळे वायू लाकडात नीट शिरत नाही.

आपल्या लाकडाबद्दल मला एक वेगळी काळजी वाटते. भारतातून गेलेल्या पॅकिंगमध्ये युरोपात वारंवार सापडणारी कीड म्हणजे सायनॉक्सिलॉन या गटाचे छोटे, काळसर, दंडगोल भुंगे. आंब्यासारख्या लाकडाच्या बाहेरच्या फिकट थरात पिठूळ अंश असतो, तो त्यांना आवडतो, आणि हे भुंगे तोडून ठेवलेल्या, वाळत असलेल्या लाकडातही शिरतात. म्हणजे चेंबरमधून निर्दोष बाहेर आलेली फळी कच्च्या लाकडाच्या थप्पीशेजारी पडून राहिली तर तिला नव्याने लागण होऊ शकते. शिक्का बरोबर, आलेख बरोबर, आणि तरीही परदेशात पेटीतून पिठासारखी पांढरी पूड गळताना दिसते. म्हणून एचटी लाकूड वेगळ्या, कोरड्या, बंद जागेत ठेवा, महिनोन्महिने साठवू नका, आणि पेटी भरण्याआधी खालच्या फळ्यांवर हात फिरवून पूड आहे का ते पाहा.

प्लायवूडविषयी आपला अंदाज बराचसा बरोबर आहे. प्लायवूड, पार्टिकल बोर्ड, ओएसबी (लाकडाचे पातळ तुकडे चिकटवून केलेला बोर्ड) यांसारखे गोंद, उष्णता आणि दाब वापरून बनवलेले लाकूड या नियमातून वगळलेले आहे. तसेच ६ मिलिमीटर किंवा त्यापेक्षा पातळ लाकूड, भुसा आणि रंधा मारताना निघणाऱ्या लाकडाच्या किसालाही हा नियम नाही. पण आपल्या केसिंगचे वजन लक्षात घेता प्लायवूडच्या पेटीखाली अखंड लाकडाचे दांडे आणि कोपऱ्यांना पट्ट्या येणारच. त्या दांड्यांना नियम लागू राहतो. शिक्का मात्र पेटीच्या प्लायवूडच्या बाजूवर मारला तरी चालतो, कारण संपूर्ण पेटी एक एकक धरली जाते आणि तो तिथे अधिक स्पष्ट दिसतो.

हॅम्बुर्ग_गोदाम

मी मूळचा सांगलीचा आणि सध्या हॅम्बुर्गमध्ये यंत्रभागांच्या गोदामात आहे. आपल्या जर्मनीच्या चौकशीपुरते लिहितो. युरोपीय संघात मार्च २०१० पासून मिथाइल ब्रोमाइडचा वापर बंद आहे, परंतु बाहेरून एमबीचा वैध शिक्का घेऊन आलेले पॅकिंग स्वीकारले जाते. तरीही एचटीच घ्यावे असे मी सुचवेन. मिथाइल ब्रोमाइड माणसाला विषारी आहे आणि ओझोनच्या थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल करारात त्याच्यावर बंधने आहेत. विलगीकरण आणि माल पाठवण्यापूर्वीच्या प्रक्रियेसाठीच्या वापराला मात्र सूट मिळाली आहे. इथले काही ग्राहक आपल्या खरेदी-अटींमध्येच एमबी नको असे लिहितात, आणि गोदामात पेट्या उघडणारे लोक आम्हीच असतो. ब्रिटनची ऑर्डर आली तर तिथेही शिक्क्याचे पॅकिंग लागते, आणि ब्रेक्झिटनंतर युरोपातून तिकडे जाणाऱ्या पॅलेटलाही ते लागू झाले आहे.

ओतकाम_शिरोली

एवढ्या तपशिलाने उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते, सर्वांचा ऋणी आहे. एक शेवटची शंका. अमेरिकेचा ग्राहक पुढे परतीचे पॅलेट वापरू म्हणतो. ते आमच्याकडे रिकामे परत येतील, तुटलेल्या फळ्या बदलून आम्ही पुन्हा पाठवू. दर फेरीला नव्याने तापवावे लागेल का?

उष्मा_चेंबर_चाकण

पॅलेट जसेच्या तसे, काहीही न बदलता पुन्हा वापरले तर पुन्हा प्रक्रिया लागत नाही, शिक्का चालू राहतो. दुरुस्ती केली आणि साधारण एक तृतीयांशपर्यंत भाग बदलले, तर नवे लाकूड प्रक्रिया केलेले हवे आणि बदललेल्या प्रत्येक भागावर स्वतंत्र शिक्का हवा. एका पॅलेटवर दोन-तीन वेगवेगळे क्रमांक दिसतात ते यामुळेच. एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग बदलले तर ते नवे पॅलेट मानले जाते. तेव्हा जुने सर्व शिक्के घासून किंवा रंगाने पूर्ण झाकून टाकायचे, संपूर्ण पॅलेट पुन्हा चेंबरमध्ये घालायचे आणि नवा शिक्का घ्यायचा. जुन्या फळ्यांचा इतिहास माहीत नसेल तर हाच मार्ग धरावा.

परत आलेल्या पॅलेटवर बाहेरच्या देशाचे शिक्के असतील तर ते तसेच राहू द्या, तेही वैध आहेत. दुरुस्तीच्या फळ्या मात्र आपल्या सुताराने भंगारातून उचलू नयेत, एवढे पाहा. आपल्या पंपाच्या केसिंगचे वजन आणि दांड्यांची जाडी व्यक्तिगत निरोपात कळवा. जाड दांड्याऐवजी दोन पातळ फळ्या एकावर एक ठोकून काम होत असेल, तर तापवण्याचा वेळही कमी लागेल आणि लाकूडही अधिक कोरडे मिळेल. मात्र त्या फळ्या आधी सुट्या तापवायच्या आणि मगच ठोकायच्या.